कुत्र्याला कांदा चालतो का? कच्चा देत नाही म्हणून निर्धास्त असाल तर या चुका टाळा

आधी सरळ उत्तर देऊन टाकते, घाईत असाल तर बाकीचं नंतर वाचा. कुत्र्याला कांदा द्यायचा नाही. कच्चा नाही, उकडलेला नाही, तळलेला नाही, वाटणातला नाही, पातीचा पण नाही. लसूण त्याच भावकीतला, त्यामुळे तोही नाही.

हे बऱ्याच जणांना माहीत असतंच, मलाही माहीत होतं. तरी आमच्या बंड्याच्या पोटात कांदा गेला तो गेलाच. कारण कांदा म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर भाकरीबरोबर बुक्कीने फोडलेला कांदा येतो, आणि तसला कांदा बरेच कुत्रे हुंगून सोडून देतात. त्यांच्या पोटात जातो तो रश्श्यातून.

बंड्या देशी आहे, 18 किलोचा, रस्त्यावरून उचलून आणलेला, त्यामुळे "याला काय होतंय, याने कचराकुंडीतलं खाऊन दिवस काढलेत" असा आमच्या घरात सगळ्यांचाच समज. रविवारी मटण झालं, सोमवारी थोडा रस्सा उरला होता, आईने त्यात दोन भाकऱ्या कुस्करल्या, हाडं नीट वेचून काढली आणि ठेवलं त्याच्यापुढे. मी समोरच उभी होते. हाडं काढलीस ना एवढंच विचारलं मी. मंगळवारी एकदम ठणठणीत. बुधवारी एकदा उलटी केली, म्हटलं गवत खाल्लं असेल. गुरुवारी सकाळी गेटजवळच्या पांढऱ्या फरशीवर त्याने सू केली आणि त्या फरशीवर अक्षरशः कोरा चहा सांडल्यासारखा रंग. डॉक्टरांनी त्याचा वरचा ओठ वर केला तर हिरड्या पांढऱ्याफटक, आणि पहिला प्रश्न, "दोन-चार दिवसांत कांदा-लसूण काही गेलंय का पोटात?"

"रस्साच तर दिला, कांदा कुठे दिला"

सगळ्यात जास्त होणारी चूक ही. हिशोब करून बघा. आमच्याकडे एक किलो मटणाला पाचेक कांदे लागतात, तीन सुक्या खोबऱ्याबरोबर भाजून वाटणात आणि दोन फोडणीत. म्हणजे अर्धा किलोच्या आसपास कांदा त्या पातेल्यात विरघळलेला असतो, दिसत मात्र एक तुकडा नाही. कुत्र्याच्या वजनाच्या साधारण अर्धा टक्का कांदा पोटात गेला तर विषबाधा होऊ शकते असं पशुवैद्यक धरून चालतात, म्हणजे किलोमागे 5 ग्रॅम. बंड्याला 90 ग्रॅम पुरेसा होता आणि पाव पातेलं रश्श्यात त्याहून जास्तच निघतो. 30 किलोच्या लॅबला 150 ग्रॅम म्हणजे दीड-दोन मध्यम कांदे, आणि घरोघरी असतो तो सहा किलोचा पॉमेरियन घेतला तर 30 ग्रॅम, कांद्याची एक जाड फोड! पण हा आकडा "एवढा चालतो" असा वाचू नका प्लीज, काही कुत्र्यांना कमीतही त्रास होतो, अकिता आणि शिबा इनूसारख्या जपानी जातींना तर जास्तच.

भाजल्यावर, शिजवल्यावर विष मरतं हा समज पण इथेच मोडून टाकते. मरत नाही. उलट कांदा आटला की त्यातलं पाणी उडतं आणि नको ते सगळं छोट्या गोळ्यात उरतं. म्हणून वाटण वाईट, आणि कोरडा मसाला त्याहून वाईट. आपल्याकडचा कांदा-लसूण मसाला आठवा, नावातच दोन्ही! लसूण तर वजनाला वजन धरला तर कांद्याहून तीन ते पाच पट जहाल मानतात. मटणाची बोटी नळाखाली धुऊन देणारे पण बघितलेत मी, अहो ती बोटी तासभर त्याच रश्श्यात शिजलीय, वरून धुऊन काय निघणार आहे.

होतं काय नेमकं

कांद्यातल्या ज्या गंधकाच्या संयुगांमुळे त्याला तो वास आणि तिखटपणा येतो, त्यांच्यापासून पोटात गेल्यावर जे पदार्थ बनतात ते रक्तातल्या लाल पेशींवर जातात. आपल्या पेशी हा मारा झेलतात, कुत्र्यांच्या तेवढ्या झेलू शकत नाहीत. आतलं हिमोग्लोबिन बिघडून त्याच्या गुठळ्या पेशीच्या कडेला चिकटतात (हाइन्झ बॉडीज म्हणतात त्यांना, रक्ताच्या काचेवर सूक्ष्मदर्शकाखाली दिसतात), मग शरीर स्वतःच त्या पेशी खराब म्हणून काढायला लागतं, काही आपोआप फुटतात. फुटलेल्या पेशींमधलं हिमोग्लोबिन लघवीवाटे बाहेर येतं, तोच तो कोऱ्या चहाचा रंग.

आणि ही सगळी पेशींची मोडतोड व्हायला वेळ लागतो. खूप जास्त कांदा गेला तर एका दिवसात दिसतं, नाहीतर दोन, तीन, चार दिवस जातात. आमची फसगत इथेच झाली. सोमवारचं जेवण आणि गुरुवारची लघवी याचा संबंध कोण लावणार? डॉक्टरांनी विचारलं तेव्हा मी आधी ठामपणे नाही म्हटलं होतं, मग आईच म्हणाली, अगं तो रस्सा.

"रोज थोडंसंच तर देतो"

आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकांचा हा युक्तिवाद. सकाळी पोह्यातला घास, दुपारी पिठल्याचा हात चाटायला द्यायचा, संध्याकाळी भेळ, पावसाळ्यात कांदाभजीचा कुरकुरीत तुकडा. "चार वर्षं देतोय, काही झालं नाही." एकदम खूप गेलं तरच त्रास होतो असं नाहीये, रोज थोडं थोडं गेलं तरी पेशी मरत राहतात, शरीर नवीन बनवत राहतं, आणि कुत्रा फक्त "जरा आळशी झालाय, वय झालं असेल" असा वाटतो. पटत नसेल तर त्याच्या हिरड्या बघा, गुलाबी आहेत का. ज्यांच्या हिरड्या मुळात काळ्या असतात त्यांच्या डोळ्याची खालची पापणी ओढून आतला रंग बघायचा.

पाकिटातलं पण वाचत जा. सूपची पाकिटं, चिकन क्यूब, नूडल्सचा मसाला, अनियन फ्लेवरचे चिप्स, सगळीकडे कांद्याची पावडर असते. तब्येत नरम असली की लोक कुत्र्याला "हलकं काहीतरी" म्हणून पाकिटातलं सूप पाजतात.

गोचीड जावेत म्हणून लसूण

हा सल्ला कुठून निघाला कोण जाणे, पण जिथे तिथे ऐकायला मिळतो. जेवणात दोन पाकळ्या टाका, गोचीड पळतात म्हणे. गोचीड काही पळत नाहीत, रक्ताची मात्र वाट लागते. गोचीडाला डॉक्टरांकडून गोळी, स्पॉट-ऑन (कातडीवर सोडायचे थेंब) किंवा पट्टा घ्या आणि विषय संपवा. अंगाला कांद्याचा रस चोळणारे पण आहेत, तो कुत्रा पुढच्या पाच मिनिटांत स्वतःला चाटून काढतो हे त्यांच्या लक्षातच येत नाही.

गोचीडाचा विषय निघालाच आहे तर इथे एक मोठा गोंधळ होतो. आपल्याकडे टिक फिव्हर, म्हणजे गोचीड चावून होणारे आजार भरपूर, आणि त्यातल्या बबेसिया नावाच्या प्रकारात सुद्धा लाल पेशीच फुटतात, हिरड्या पांढऱ्या पडतात, लघवी गडद होते. म्हणजे बाहेरून चित्र जवळपास सारखंच. टिक फिव्हरला बहुतेकदा ताप असतो, अंगावर गोचीड सापडतात, पण नेहमीच असं नाही. त्यामुळे गडद लघवी बघून घरच्या घरी "टिक फिव्हरच आहे, मागच्या वेळचं औषध उरलंय ते देऊ" असं अजिबात करू नका. रक्ताची तपासणी करा, काच बघायला सांगा, आणि खाण्याबद्दल खरं सांगा. बंड्याचे दोन्ही अँगल तपासले, काचेवर हाइन्झ बॉडीज दिसल्या, टिकची टेस्ट निगेटिव्ह आली, तेव्हा कुठे नक्की झालं. त्याचा पीसीव्ही, म्हणजे रक्तात लाल पेशींचं प्रमाण, 21 होतं, निरोगी कुत्र्यात ते 37 ते 55 असतं.

कांदा पोटात गेला हे आत्ताच कळलं तर

मिठाचं पाणी पाजू नका. उलटी होईल म्हणून लोक पाजतात आणि मग रक्तात सोडियम वाढून तेच जिवावर बेततं. घशात बोटं घालायची नाहीत, हायड्रोजन पेरॉक्साइड स्वतःच्या मनाने द्यायचं नाही, पोटाला जखमा होतात. दूध, तूप, ताक याने काहीही उतरत नाही.

करायचं ते एवढंच की लगेच डॉक्टरांना फोन लावायचा. खाऊन एक-दोन तासच झाले असतील तर ते दवाखान्यात सुरक्षितपणे उलटी करवू शकतात, गरज वाटली तर अ‍ॅक्टिव्हेटेड चारकोल (विष शोषून घेणारी कोळशाची पूड) देतात, आणि पुढचं सगळं टळू शकतं. तेव्हा कुत्रा एकदम मजेत असतो म्हणून लोक जात नाहीत, पण जायची खरी वेळ तीच. फोनवर सांगायला चार गोष्टी तयार ठेवा: कुत्र्याचं वजन, काय खाल्लं, त्या पदार्थात अंदाजे किती कांदा-लसूण होता, आणि किती वाजता खाल्लं. पाकीट असेल तर पाकीटच घेऊन जा. लघवीचा रंग बदललेला दिसला तर फोटो काढून ठेवा, दवाखान्यात गेल्यावर तो नेमका सू करत नाही.

या विषावर उतारा म्हणून एखादं इंजेक्शन नसतं. सलाईन, गरज पडली तर ऑक्सिजन, फारच रक्त उतरलं तर दुसऱ्या कुत्र्याचं रक्त चढवावं लागतं. हिमोग्लोबिनचं टॉनिक पाजून फुटणाऱ्या पेशी थांबत नाहीत, त्यामुळे त्याच्या भरवशावर घरी बसू नका. बंड्याला रक्त लागलं नाही, थोडक्यात निभावलं, पण दोन दिवस तो जिना चढताना मधल्या पायरीवर बसायचा आणि आमच्याकडे बघायचा.

घरात मांजर असेल तर अजून जपा, मांजरं याबाबतीत कुत्र्यांपेक्षा नाजूक.

मग भाजी द्यायची तरी कुठली

गाजर, काकडी, वाफवलेली फरसबी, उकडलेला लाल भोपळा, उकडलेलं रताळं, दुधी. सगळं साधं, बिनमिठाचं, बिनफोडणीचं आणि थोड्याच प्रमाणात. दुधीचा तुकडा आधी स्वतः चाखा, कडू लागला तर अख्खा दुधी फेकून द्या, तो माणसालाही विषारी असतो. आणि कुठलाही कांदा "गोड आहे, उग्र नाही" म्हणून सुटत नाही, अलिबागचा पांढरा कांदा आपण नुसता खातो पण कुत्र्यासाठी तोही कांदाच. उन्हाळ्यात वर्षभराचा कांदा भरून बाल्कनीत पसरत असाल तर मध्ये काहीतरी आडवं लावा, पिल्लांना गडगडणारा कांदा म्हणजे बॉल वाटतो.

आमच्याकडे आता मटण आणलं की आई आधी चार बोट्या वेगळ्या छोट्या कुकरमध्ये टाकते, हळद आणि पाणी, बस. शिजल्या की हाडं काढून भातात कालवते. बंड्या तो भात खातो आणि नंतर मोठ्या पातेल्यापाशी जाऊन बसतो, वास घेत. आई त्याला म्हणते, "बघू नकोस, तुझ्या डॉक्टरांनी नाही सांगितलंय."