मांजर गॅलरीतून पडलं, जबडा सुटला: या चुका टाळा

घरात राहणाऱ्या मांजराला कसली इजा होणार, असं वाटतं. मग एक दिवस गॅलरीच्या कठड्यावर कबुतर बसतं आणि मांजर झेप घेतं. मांजर पायांवरच पडतं हे खरं, पण उंचावरून पडल्यावर पाय भार पेलत नाहीत आणि हनुवटी जमिनीवर आपटते. खालचा जबडा मधोमध, दोन सुळ्यांच्या मधे सुटतो. कधी तोंडातली टाळूही चिरते.

रक्त दिसलं की सगळे तोंडाकडेच बघतात. धोका बहुतेकदा छातीत असतो, कारण मार लागून फुप्फुसाभोवती हवा साठते. तोंड उघडून धाप, पांढुरक्या हिरड्या दिसल्या तर एक मिनिटही घालवू नका. डॉक्टर आधी ऑक्सिजन देतात, छातीचा एक्स-रे काढतात. जबडा एक-दोन दिवसांनी बसवला तरी चालतो. 'ऑपरेशन लांबवताहेत' म्हणून हुज्जत घालू नका.

दुखतंय म्हणून पॅरासिटामॉल? अजिबात नाही. मांजराच्या शरीराला ते झेपत नाही, रक्ताची ऑक्सिजन वाहून नेण्याची ताकद जाते. अर्धी गोळीही जीव घेऊ शकते. आयब्युप्रोफेनही नको, डेटॉलही नको. फडक्याने जबडा बांधणंही नको. उलटी झाली तर ती श्वासनलिकेत जाईल.

सुटलेला जबडा भूल देऊन बसवतात. खालच्या सुळ्यांच्या मागून तार फिरवून हनुवटीखाली पिळतात आणि साधारण सहा ते आठ आठवड्यांनी काढतात. घरी नेण्याआधी डॉक्टरांना तोंड मिटवून दाखवायला सांगा: खालचा सुळा वरच्या सुळ्याच्या किंचित पुढे बसला पाहिजे. तार जास्त आवळली तर सुळे आत कलतात आणि टाळूला टोचतात. सुळ्याचं नुसतं टोक उडालं असेल तरी तपासून घ्या. मांजराच्या सुळ्यात नस जवळजवळ टोकापर्यंत असते. ती उघडी पडली तर रूट कॅनाल करावं लागतं, नाहीतर दात काढावा लागतो.

खाण्याच्या बाबतीत मात्र घरोघरी तीच चूक होते. 'भूक लागली की खाईल आपोआप.' नाही खात. दोन-तीन दिवस पोटात काही गेलं नाही तर मांजराच्या, विशेषतः लठ्ठ मांजराच्या, यकृतात चरबी साठायला लागते आणि जबड्यापेक्षा तेच दुखणं भारी पडतं. जबरदस्तीने सिरिंजने दूध ओतलं तर ते फुप्फुसात जायची भीती. डॉक्टरांनी मानेतून अन्ननलिकेत नळी घालायचं सुचवलं तर घाबरून नाही म्हणू नका. दिसायला भयंकर, पण घरी सांभाळता येते, आणि नळी असतानाही मांजर तोंडाने खाऊ शकतं.

गणपतीत, दिवाळीत दिव्यांच्या माळा चावून तोंड भाजतं, तेव्हा ओठावरचा डाग बारीक दिसतो म्हणून थांबू नका. फुप्फुसात पाणी काही तासांनीही भरू शकतं. आणि तोंडातून शिलाईचा दोरा लोंबत असेल तर तो ओढू नका. दुसरं टोक जिभेखाली किंवा सुईसकट आतड्यात अडकलेलं असू शकतं. आहे तसं घेऊन जा.