पावसाआधी चेनसॉ: चेन कधी तोडायची, कशी जोडायची

रोहिणी सरत आली की इंदूरजवळच्या सांवेर-देपालपूरकडे बांधावरच्या बाभळी छाटायची घाई होते, आणि नेमकी तेव्हाच चेनसॉची चेन ढिली पडते. मग शेजारचा कोणीतरी सांगतो, "एक कडी काढून टाका, घट्ट बसेल." ते ऐकू नका.

चेन लांबते ती लोखंड ताणलं जातं म्हणून नव्हे. रिव्हेटं आणि त्यांची भोकं झिजतात, प्रत्येक सांध्यात केसभर खेळ येतो. कडी काढली तर चेन बारवर (ज्या पट्टीभोवती ती फिरते) बसेल, पण कड्यांमधलं अंतर स्प्रॉकेटच्या (चेन फिरवणाऱ्या दातेरी चाकाच्या) दात्यांशी जुळणार नाही आणि स्प्रॉकेटही खराब होईल. अशी चेन भंगारातच द्यावी. कडी काढायची ती नवी चेन लांब निघाली किंवा बार आखूड घेतला तरच.

आधी पिच, म्हणजे कड्यांमधल्या अंतराचं माप, बघा. सलग तीन रिव्हेटांमधलं अंतर मोजून निम्मं करा. साडेनऊ मिलिमीटर आलं तर ३/८ इंची, सव्वाआठ आलं तर .३२५ इंची. नुसत्या नजरेला दोन्ही सारख्याच दिसतात. मी एकदा दुकानदाराच्या भरवशावर चुकीची आणली, दिवसात तीनदा उतरली. ३/८ मध्ये एक ड्राइव्ह लिंक (बारच्या खाचेत फिरणारा दाता) कमी केला की चेन साधारण १९ मिमी आखूड होते.

प्लगची वायर काढा, हातमोजे घाला. रिव्हेटचं डोकं कानशीने सपाट करून पंचाने खाली उतरवा. चेन ब्रेकर (रिव्हेट दाबून काढायचं हत्यार) असेल तर उत्तमच. जोडताना टाय स्ट्रॅप (कड्या जोडणारी बाजूची पट्टी) आणि रिव्हेट नवेच हवेत, काढलेलं रिव्हेट पुन्हा ठोकायचं नाही. जोडलेला सांधा बोटांनी वाकवून पाहा: इतर सांध्यांसारखा सहज वळला पाहिजे. अडला तर ठोक जास्त झालाय. पूर्ण वेगात चेन सेकंदाला २० मीटरच्या आसपास धावते. तुटली तर कुणाच्या अंगावर जाईल सांगता येत नाही. म्हणून हातोडीचा भरवसा नसेल तर हे काम सरळ मिस्त्रीकडे द्या.

धार मात्र घरीच लावा. .३२५ ला ४.८ मिमीची गोल कानस, लो-प्रोफाइल (कमी उंचीच्या दात्यांच्या) ३/८ ला ४ मिमी. तिरकस ३० अंशांत, फक्त पुढे ढकलायची. भुशाचे तुकडे पडले तर धार ठीक. पीठ पडलं तर बोथट. बाभळीचं सुकं खोड मातीवर लोळलेलं असेल तर आधी झाडून घ्या.

नवी चेन चार-पाच मिनिटं चालवून थांबवा आणि गार होऊ द्या. मगच ताण द्या. गरम असताना घट्ट केली की गार होताना आवळते आणि बेअरिंगवर ताण येतो.