स्वतःची वीज तयार करता? मग महावितरणची डिमांड किती ठेवायची, हे असं ठरवा

साखर कारखान्याचा टीजी (वाफेवरचा टर्बो-जनरेटर), कुपवाड किंवा तासवडे एमआयडीसीतल्या कारखान्याचा कॅप्टिव्ह (स्वतःच्या वापरासाठीचा) वीजसंच, तासगाव-सांगली भागातल्या बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजवरचं सोलर. प्रत्येक ठिकाणी घोळ एकच होतो. युनिटची बचत बारकाईने मोजली जाते आणि डिमांडचा, म्हणजे एका वेळी ग्रिडमधून जास्तीत जास्त किती वीज ओढायची याचा, आकडा मात्र जुन्या करारातलाच राहतो. पुढे संच अर्धा तास बंद पडतो आणि त्या अर्ध्या तासाचं बिल वर्षभर येत राहतं.

उच्चदाब ग्राहकाची बिलिंग डिमांड तीन आकड्यांतल्या सर्वांत मोठ्या आकड्यावर ठरते. पहिला, त्या महिन्यात मीटरवर नोंदलेली कमाल मागणी, म्हणजे एमडी. दुसरा, मागच्या 11 महिन्यांतल्या सर्वोच्च बिलिंग डिमांडच्या 75 टक्के. तिसरा, कॉन्ट्रॅक्ट डिमांडचा, म्हणजे करारात मंजूर मागणीचा, ठरावीक टक्का. हा टक्का पूर्वी 50 होता. वीज नियामक आयोगाच्या मार्च 2020 च्या आदेशाने तो 55 वरून दरवर्षी पाचने चढवत 75 पर्यंत नेला. त्यामुळे ‘असू दे जास्त, कधी लागली तर’ म्हणून मोठी डिमांड धरून ठेवणं आता परवडत नाही.

दुसऱ्या आकड्याला एक मर्यादा आहे आणि बऱ्याच लेखा विभागांना ती माहीत नसते. मागच्या 11 महिन्यांचा 75 टक्क्यांचा आकडा कॉन्ट्रॅक्ट डिमांडच्या वर जाऊ शकत नाही. डिमांड छोटी असेल तर एका वाईट दिवसाची शेपटीही छोटीच राहते.

आता स्टँडबाय. ज्यांचा कॅप्टिव्ह संच ग्रिडशी सिंक्रोनाइझ होऊन, म्हणजे ग्रिडला जोडलेला राहून, चालतो, त्यांना कॉन्ट्रॅक्ट डिमांडशिवाय स्टँडबाय डिमांड (संच बंद पडला तर लागणारी राखीव मागणी) वेगळी घेता येते. आयोगाच्या दर-आदेशांत यासाठी दरमहा प्रति केव्हीए (डिमांड मोजायचं एकक) 20 रुपये जादा आकार सांगितला आहे. तो फक्त स्टँडबायच्या भागावर लागतो, आणि तोही मागणी कॉन्ट्रॅक्ट डिमांड ओलांडेल त्याच महिन्यात. स्टँडबाय घेतलेली नसेल तर ओलांडलेल्या प्रत्येक केव्हीएवर नेहमीच्या डिमांड चार्जखेरीज त्याच्या 150 टक्के जादा बसतात. चेंजओव्हर स्विचवर चालणारा साधा डीजी (डिझेल जनरेटर) सिंक्रोनाइझ नसतो, त्याला ही सोय नाही.

आकड्यांत पाहू. एका कारखान्याचा एकूण लोड 2000 केव्हीए आहे, त्यातला 1200 स्वतःचा संच देतो आणि 800 ग्रिडमधून येतात. हिशेबाच्या सोयीसाठी डिमांड चार्ज 500 रुपये धरा, खालची टक्केवारी, म्हणजे वरचा तिसरा आकडा, 75 धरा. तुमच्या बिलावरचा दर घालून हेच गणित पुन्हा करा.

कॉन्ट्रॅक्ट डिमांड 2000 ठेवली तर वापर 800 असूनही दरमहा 1500 केव्हीएचे 7,50,000 रुपये भरावे लागतात. संच ज्या महिन्यात पडेल त्या महिन्यात 10,00,000. एका ट्रिपचं, म्हणजे संच एकदा अचानक बंद पडल्याचं, वर्ष 92.50 लाखांचं.

कॉन्ट्रॅक्ट डिमांड 900 आणि स्टँडबाय 1100 ठेवली, तर ट्रिपच्या महिन्यात 10,00,000 अधिक 22,000. पुढचे 11 महिने 75 टक्क्यांचा आकडा 1500 निघतो, पण मर्यादेमुळे 900 वरच थांबतो, म्हणजे दरमहा 4,50,000. वर्षाचे 59.72 लाख.

डिमांड 900 पण स्टँडबाय नाही, असं असेल तर ट्रिपच्या महिन्यात 8,25,000 जादा बसून तो महिना 18,25,000 ला पडतो. शिवाय कॅलेंडर वर्षात तीनपेक्षा जास्त वेळा डिमांड ओलांडली की पुरवठा संहितेनुसार कारवाईचा विषय येतो.

याच आकड्यांवर, वर्षातल्या 11 महिन्यांत ट्रिप झाली तरी स्टँडबायचा पर्याय पूर्ण डिमांडपेक्षा किंचित स्वस्तच निघतो. इतका फरक समोर असताना करार तसाच पडू देणं हे सरळ नुकसान आहे.

हे दोन आकडे ठरवण्यासाठी मासिक बिल पुरत नाही. मीटरचा किमान 12 महिन्यांचा लोड सर्व्हे (ठरावीक अंतराने नोंदलेली मागणी) मागून घ्या. एमडी हा 30 मिनिटांच्या ब्लॉकमधला सरासरी आकडा असतो, क्षणिक उसळी नव्हे. त्या नोंदींशेजारी टीजी किंवा संचाचं लॉगबुक ठेवा आणि प्रत्येक ट्रिपला ग्रिडमधून नेमकं किती ओढलं ते लिहा. संच चालू असतानाच्या कमाल आयातीवर 10 टक्के वाढ धरली की कॉन्ट्रॅक्ट डिमांड मिळते. संच बंद असताना जे चालूच ठेवावं लागतं, त्यातून ती वजा केली की उरते ती स्टँडबाय. सगळा प्लांट नव्हे, फक्त जे थांबवता येत नाही ते. साखर कारखान्यात टर्बाइनचा ल्युब ऑइल पंप, बॅरिंग गिअर (टर्बाइनचा शाफ्ट हळू फिरवत ठेवणारा) आणि बॉयलर फीड पंप थांबवायचे नसतात. वर्कशॉप, कॉलनी, कूलिंग टॉवरचे काही पंखे थांबू शकतात.

लोड कमी करायला वेळ मिळतो, तोही मोजून घ्या. समजा संच पडला आणि 10 मिनिटं 3000 केव्हीए ओढले, मग 20 मिनिटं 600. ब्लॉकची सरासरी 1400 येते. हेच 3000 अर्धा तास राहिले तर पूर्ण 3000 नोंदले जातात. फक्त इनकमर (ग्रिडची वीज आत येते त्या) ब्रेकरची ओव्हरकरंट सेटिंग तेवढा भार पेलणारी आहे का, ते आधी तपासा. नाहीतर संचापाठोपाठ ग्रिडही जाईल.

लोड तोडण्याच्या योजनेत सर्रास होणारी एक चूक आहे: सगळी भिस्त अंडरफ्रिक्वेन्सी रिलेवर (फ्रिक्वेन्सी घटली की लोड तोडणाऱ्या) ठेवलेली असते. ग्रिडला जोडलेलं असताना टीजी पडला तर फ्रिक्वेन्सी खाली येत नाही, ती ग्रिड धरून ठेवतं. रिले गप्प राहतो आणि एमडी चढत जातो. म्हणून टीजी ब्रेकरच्या ऑक्झिलरी कॉन्टॅक्टवरून (ब्रेकर उघडल्याचा संकेत देणाऱ्या) कमी महत्त्वाचे फीडर थेट ट्रिप होतील अशी वायरिंग करा. अंडरफ्रिक्वेन्सी रिले ग्रिड गेल्यावर, आयलंड झाल्यावर, म्हणजे प्लांट एकट्या संचावर उरल्यावर, कामाचा. दोन्ही हवेत. योजनेची चाचणी गळीत सुरू होण्याआधी घ्या.

नियोजित शटडाऊन रात्री घ्या. 2020 च्या आदेशात बिलिंग डिमांडसाठी फक्त सकाळी 6 ते रात्री 10 मधली मागणी धरली आहे. तुम्हाला लागू असलेल्या आदेशातले तास पाहूनच वेळ ठरवा.

सोलरवाल्यांचा प्रश्न थोडा वेगळा. पावसाळ्यात ढगाळ अर्धा तास आणि कोल्ड स्टोरेजची रात्र, दोन्ही वेळा पॅनेलचा उपयोग नाही, त्यामुळे सोलर लावून डिमांड घटेल हे गृहीतच धरू नका. वीज गेल्यानंतर सगळे कॉम्प्रेसर एकदम सुरू करू नका, पाच-पाच मिनिटांच्या अंतराने घ्या. आणि नेट मीटरिंगमधल्या संचाची क्षमता कॉन्ट्रॅक्ट डिमांडपेक्षा जास्त चालत नाही, तेव्हा डिमांड घटवण्याचा अर्ज करण्याआधी पॅनेलची क्षमता बघा.

पॉवर फॅक्टरचा (पीएफ, म्हणजे एकूण केव्हीएतला प्रत्यक्ष कामी येणारा वाटा) फटका मात्र सोलरमुळेच बसतो. लोड 500 किलोवॅट, पीएफ 0.95, म्हणजे सुमारे 164 केव्हीएआर (रिअॅक्टिव्ह पॉवर, प्रत्यक्ष काम न करणारा भाग). इन्व्हर्टरने 400 किलोवॅट युनिटी पीएफवर (पीएफ 1, केव्हीएआर शून्य) दिले तर ग्रिडकडून 100 किलोवॅट येतात, पण 164 केव्हीएआर तसेच राहतात. मीटरला 192 केव्हीए दिसतात, पीएफ 0.52. एप्रिल 2020 पासून उच्चदाब बिल केव्हीएएचवर (किलोवॅट-तासांऐवजी केव्हीए-तासांवर) आहे, म्हणजे ग्रिडची युनिटं जवळपास दुपटीने मोजली जातात. उपाय: एपीएफसी पॅनेलचा (गरजेप्रमाणे कपॅसिटर आपोआप जोडणाऱ्या) सीटी, म्हणजे करंट मोजणारा ट्रान्सफॉर्मर, ग्रिडच्या इनकमरवर असा बसवा की सोलर आणि लोड दोन्ही त्याच्या पुढे येतील. कपॅसिटरचे टप्पे लहान ठेवा, किंवा इन्व्हर्टरलाच केव्हीएआर द्यायला लावा.

अर्ज मंडल कार्यालयात, अधीक्षक अभियंत्यांकडे. सातारा मंडल बारामती परिमंडळात येतं, सांगली मंडल कोल्हापूर परिमंडळात. सोबत सिंगल लाइन डायग्राम, संचाची क्षमता, विद्युत निरीक्षकांची परवानगी, सिंक्रोनायझिंगची मंजुरी आणि लोडची यादी द्या. करारात कॉन्ट्रॅक्ट डिमांड आणि स्टँडबाय हे दोन आकडे वेगवेगळे छापून आले आहेत का ते सहीआधी वाचा. एकत्र बेरीज छापली गेली तर खालची 75 टक्क्यांची रेषा त्या बेरजेवर लागण्याचा धोका राहतो. स्टँडबायच्या हद्दीत 150 टक्क्यांची आकारणी होणार नाही, हेही लेखी घ्या.

डिमांड बदलली की 11 महिन्यांची गणना बदलाच्या पुढच्या महिन्यापासून नव्याने सुरू होते. म्हणून मोठ्या एमडीचा महिना मागे असेल तर अर्ज रेंगाळू देऊ नका. बदलानंतरच्या पहिल्या बिलात जुना सर्वोच्च आकडा तसाच दिसला, तर मंजुरीचं पत्र जोडून त्याच महिन्यात दुरुस्ती मागा.