घरात पुराचं पाणी शिरलं? या चुका टाळा

23 सप्टेंबर 2023 ची पहाट नागपूरकर विसरणार नाहीत. चार तासांत 100 मिलिमीटरहून जास्त पाऊस, अंबाझरी तलाव ओसंडलेला आणि नाग नदीकाठच्या वस्त्या झोपेतच पाण्यात. आमच्या घरात कमरेएवढं पाणी होतं. अग्निशमन दल, राज्य आणि राष्ट्रीय आपत्ती दलं (एसडीआरएफ, एनडीआरएफ), सैन्य, सगळे बोटी घेऊन धावले. माणसं वाचवण्याचं काम त्यांनी जीव लावून केलं. त्यानंतरच्या चुका मात्र आमच्या.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे पंचनाम्याआधीच साफसफाई. पाणी ओसरताच आईने पदर खोचला. कोठीतले गहू फुगून आंबले होते, ते पोत्यात भरून कचरागाडीत दिले. पाठोपाठ गाद्याही गेल्या. तिसऱ्या दिवशी कर्मचारी आले तेव्हा फरशी लख्ख, आणि पुराची खूण म्हणून भिंतीवर फक्त मातकट रेघ. तीही अर्धी पुसलेली. त्यांना तरी काय म्हणणार? डोळ्यांना दिसतं तेच ते लिहितात.

म्हणून झाडू हातात घेण्याआधी मोबाईल घ्या. पाण्याच्या रेघेशेजारी घरातलं कुणीतरी उभं करून फोटो काढा, म्हणजे उंची कळते. फ्रिज, मोटर, धान्य, पुस्तकं, एकेक वस्तू टिपा. मग खुशाल धुवा, चिखलात लेकरं ठेवायची नाहीतच. पंचनामा वाचल्याशिवाय सही करू नका. त्या वेळी सरकारने बाधित कुटुंबांना 10,000 रुपये जाहीर केले होते. अशी मदत बँक खात्यात येते, त्यामुळे खाते क्रमांकाचा एक आकडा चुकला तरी पुढे खेटे घालावे लागतात. भाडेकरू असाल तर ते आवर्जून सांगा. घर मालकाचं असलं तरी भिजलेला संसार तुमचा आहे.

दुसरी चूक फोनची. त्या पहाटे आमच्या गल्लीत जो तो माजी नगरसेवकाला फोन लावत होता. महापालिकेची मुदत मार्च 2022 मध्येच संपून प्रशासक आले होते, हे कुणाच्या ध्यानातच नाही. 2005 च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याप्रमाणे जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात, म्हणून फोन तिकडे लावा. जिल्हा नियंत्रण कक्षाचा क्रमांक 1077. जीवावर बेतलं असेल तर 112. फोनवर नुसतं ‘लवकर या’ म्हणून भागत नाही. पत्ता, जवळची खूण, पाणी किती, माणसं किती आणि खाटेवरचं कुणी आहे का, एवढं सांगा. शेजारच्या काकाजींना चालता येत नव्हतं, हे आम्ही बोट दारात आल्यावर सांगितलं. आधी कळलं असतं तर तिने पहिला फेरा त्यांच्याकडेच केला असता.

वीज: पाणी उंबऱ्याशी येतंय असं दिसताच मेन स्विच बंद करा. पाण्यात उभं राहून त्याला हात लावू नका. बुडालेली गाडी चालू करून पाहण्याचा मोह आवरा. इंजिनात पाणी असताना सेल्फ मारला की इंजिन बसतं, आणि साध्या विम्यात तो खर्च बरेचदा मिळत नाही. गाडी टो करूनच न्या.

हवामान खात्याचा ऑरेंज इशारा आला की बरेच जण ‘रेड तर नाही ना’ म्हणून झोपतात. ऑरेंजचा अर्थच तयारीत राहा असा आहे. आमच्याकडे आता असा इशारा आला की त्याच दिवशी आधार, पासबुक, घराची कागदपत्रं आणि आईच्या बीपीच्या गोळ्या प्लास्टिकच्या पिशवीत बांधून माळ्यावर जातात, आणि काकाजींना संध्याकाळीच वरच्या मजल्यावर नेतो.