आरसी विमानासाठी बॅटरी कशी निवडावी

वावरातला कापूस निघाला, पऱ्हाट्या उपटून झाल्या की आमच्याकडे रिमोटवर उडणारी आरसी विमानं बाहेर पडतात. आणि दर हंगामात नव्या पोरांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "किती एमएएचची घेऊ?" एमएएच म्हणजे बॅटरीत चार्ज किती मावतो तो आकडा, आणि तो शेवटी विचारायचा प्रश्न आहे. आधी सेल ठरतात, मग अँपिअर, मग वजन. एमएएच त्यांच्या मागून आपोआप येतं.

उदाहरणाला आमच्याकडे सगळ्यात जास्त उडणारं विमान घेतो. फोमचं, बॅटरीसकट 800 ग्रॅमच्या आसपास, 2212 मापाची 1000 केव्हीची (व्होल्टमागे मिनिटाला 1000 फेरे) मोटर, 30 अँपिअरचा ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारा कंट्रोलर), 10 इंची पंखा. तुमचे आकडे वेगळे असतील, रीत हीच.

बॅटरी लायपो, म्हणजे लिथियम-पॉलिमर. तिला सेल किती हवेत ते मोटरच्या कागदावर लिहिलेलं असतं. या मोटरला 3एस, म्हणजे एकामागे एक जोडलेले तीन सेल, 11.1 व्होल्ट. "4एस लावली की पळेल" असं सांगणाऱ्याचं ऐकू नका. पंखा तोच ठेवून 4एस लावली तर व्होल्टेज एक तृतीयांशाने वाढतं, पण मोटर ओढते तो करंट पावणेदोन पटीच्या जवळ जातो. मोटरच्या वायंडिंगचा जळका वास मी दोनदा घेतला आहे.

अँपिअर अंदाजाने धरू नका, मोजा. वॉटमीटर बॅटरी आणि ईएससीच्या मध्ये लावा, विमान घट्ट धरायला दुसरा माणूस घ्या, पंख्याच्या रेषेत कोणी उभं राहू नका आणि पाच सेकंद पूर्ण थ्रॉटल द्या. आमच्या विमानाला 14 अँपिअर लागतात. हा आकडा वहीत लिहून ठेवा, पुढचं सगळं त्याच्यावर आहे.

आता ज्या ठिकाणी मी स्वतः अडकलो होतो तिथे येतो: सी रेटिंग, म्हणजे बॅटरी किती जोराने करंट देऊ शकते त्याचा आकडा.

लेबलचं गणित सोपं आहे. 2200 एमएएच म्हणजे 2.2 अँपिअर-तास, त्याला सी ने गुणायचं. 25सी असेल तर 55 अँपिअर, 40सी असेल तर 88. आपल्याला हवेत 14. मग कुठलीही चालेल, असंच मला वाटलं आणि मी मिळाली त्यातली सगळ्यात स्वस्त 40सी घेतली. दोन महिने ठीक उडाली. मग एका सकाळी उतरायला आलो, वारा आडवा होता म्हणून पुन्हा वर घ्यायला पूर्ण थ्रॉटल दिला आणि मोटर बंद. विमान उभ्या तुरीत गेलं, पंख तुटला. घरी येऊन बॅटरी मोजली तर प्रत्येक सेल 3.8 व्होल्ट, म्हणजे चाळीस टक्क्यांच्या आसपास चार्ज शिल्लक. मी ईएससी खराब म्हणून बदलला. पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच. तिसऱ्यांदा तसंच झालं तेव्हा कुठे मी बॅटरीचा अंतर्गत रोध बघितला. चार्जरवर 'आयआर' नावाने तो पर्याय असतो, मी कधी उघडलाच नव्हता. एकेका सेलला 36 मिलिओहम.

याचा अर्थ कास्तकाराला चटकन कळतो. एका डीपीवर (ट्रान्सफॉर्मरवर) दहा मोटारी एकदम सुरू झाल्या की शेवटच्या वावरातली मोटर नुसती घुमते, पाणी उचलत नाही. लाइन असते, पण जोर लावला की व्होल्टेज पडतं. बॅटरीतही तेच. तीन सेलचे मिळून 108 मिलिओहम, त्यातून 14 अँपिअर ओढले की दीड व्होल्ट आतल्या आतच पडतो. 11.4 मधून दीड गेला, उरले 9.9. सेलमागे 3.3. माझ्या ईएससीचं कटऑफ नेमकं तिथेच होतं. त्याने मोटरचा करंट तोडला तो बॅटरी वाचवायला. बिघाड त्याच्यात नव्हताच. सेलमागे 8 मिलिओहमची चांगली बॅटरी त्याच क्षणी 11 व्होल्टवर टिकली असती.

हरवलेला दीड व्होल्ट उष्णता होऊन बॅटरीतच राहतो. 14 अँपिअरला ते 21 वॉट होतात, जवळपास एक लहान सोल्डरिंग आयर्न पाकिटात चालू ठेवल्यासारखं. सेल फुगतात ते यातूनही.

म्हणून माझा नियम पक्का आहे. लेबलवरचा सी अर्धा धरा आणि त्या अर्ध्यातून तुमच्या कमाल अँपिअरच्या किमान दीडपट तरी निघाले पाहिजेत. आमच्या विमानाला खरी 25सी पुरते. "काका, वरतं तं साठ सी लिहेल हाय!" म्हणून पोरं बॅटरी दाखवतात, तेव्हा मी ती काट्यावर ठेवतो. 3एस 2200 ची प्रामाणिक बॅटरी साधारण 170 ते 190 ग्रॅम भरते. तीच 140 भरली तर आत तेवढा माल नाही, लेबल काहीही म्हणो. नवी बॅटरी आली की एकदा पूर्ण चार्ज करा, घरातल्या साध्या तापमानाला येऊ द्या आणि आयआर लिहून ठेवा. या मापात सेलमागे 10-12 च्या आत हवा आणि तिन्ही सेल एकमेकांच्या जवळ हवेत. एक 9, दुसरा 10 आणि तिसरा 22 असेल तर त्याच दिवशी परत करा. दर दोन महिन्यांनी पुन्हा मोजा. 20 च्या वर गेली की ती माझ्याकडे विमानात बसत नाही.

एमएएच: बॅटरीचा ऐंशी टक्केच वापर धरा. 2200 चे 1760, सरासरी 9 अँपिअरने पावणेबारा मिनिटं. टायमर नऊवर लावा. जास्त वेळ हवा म्हणून 5000 ची कोंबू नका. 200 ग्रॅम वाढले की उतरण्याचा वेग दहा-बारा टक्क्यांनी वाढतो आणि ढेकळांच्या वावरात तो वेग पेलत नाही. त्या पैशात 2200 च्या दोन घ्या. कनेक्टर सगळ्यांना एकच, एक्सटी60.

चार्जिंग 1सी ने, म्हणजे 2.2 अँपिअर, बॅलन्स वायर (सगळे सेल सारखे भरायला असते ती) लावूनच. लाइट नसेल तर 12 व्होल्टवर चालणारा चार्जर ट्रॅक्टरच्या बॅटरीवर चालतो, तसाच घ्या. पण जागा नीट निवडा. दिवाळीनंतर आमच्याकडे घराच्या खोल्या कापसाने भरलेल्या असतात. त्या घरात लायपो चार्ज करायची नाही, शेजारच्या खोलीतही नाही. ओसरीत, फरशीवर, मातीच्या कुंडीत, वाळूची बादली जवळ ठेवून आणि स्वतः समोर बसून.

मे महिन्यात चंद्रपूर-अकोल्याकडे पारा 45 वर जातो, बंद गाडीत त्याहून बराच. 60 च्या पुढे बॅटरी गेली की ती संपली समजा. सकाळी सातपर्यंत उडवा आणि उतरल्यावर हाताला गार लागेपर्यंत चार्जरला लावू नका. डिसेंबरच्या पहाटे उलटं करायचं: थंडीत रोध वाढतो, म्हणून उडवायच्या आधी अर्धा तास बॅटरी स्वेटरच्या खिशात ठेवा. पावसाळ्याचे चार महिने उडवणं नसतं, तेव्हा सेलमागे 3.8 व्होल्टवर ठेवून द्या, भरलेली नाही.

फुगलेली बॅटरी मिठाच्या पाण्यात टाका, हा सल्ला सगळीकडे मिळतो आणि तो वाईट आहे. टोकं गंजतात, आत चार्ज तसाच राहतो. मोटारसायकलच्या इंडिकेटरचा 12 व्होल्टचा बल्ब तारेने जोडा, अंगणात मोकळ्या जागी ठेवा, बल्ब विझल्यावरही रात्रभर जोडलेला राहू द्या. मीटरवर शून्य दिसलं की टोकांना टेप लावून तालुक्याला जाणाऱ्या ई-कचऱ्यात द्या.