आद्य-इतिहास शिकायचाय? आधी खापरं धुवा

पुरातत्त्वात एम.ए.ला आले तेव्हा माझा हिशोब सोपा होता. प्रागितिहास म्हणजे दगडी हत्यारं, इतिहास म्हणजे शिलालेख नि नाणी, आणि मधली प्रोटोहिस्टरी, म्हणजे आपला आद्य-इतिहास, परीक्षेआधी आठवडाभरात उरकता येईल. शेवटी प्रबंधही त्याच्यावरच केला, यावरून काय ते समजा.

नवीन मुलं पहिली अडतात ती व्याख्येपाशी. 'लिपी आहे पण वाचता येत नाही' तो आद्य-इतिहास, असं पाठ केलं की हडप्पा बसते. पण प्रवरेकाठच्या जोर्वे संस्कृतीचं काय? त्या लोकांची लिपीच सापडलेली नाही. तरी ती या काळात धरतात, कारण तांबं वापरात आलंय, शेती स्थिरावलीय, आणि देशात इतरत्र लिहिणारे किंवा मौखिक परंपरा जपणारे लोक आहेत. महाराष्ट्रात वाचता येणारे लेख इसवी सनापूर्वीच्या शेवटच्या काही शतकांतच मिळू लागतात. तोवर भिस्त खापरांवर.

पहिल्या उत्खननात मला चार दिवस ट्रेंचमध्ये, म्हणजे खणायच्या खड्ड्यात, उतरूच दिलं नाही. जुन्या वस्तीच्या टेकाडाला आपल्याकडे पांढरी म्हणतात. राखेची, पांढुरकी माती. तिच्या कडेला बसून बादलीत खापरं धुवायची, उन्हात वाळत घालायची आणि प्रत्येक ढिगात ट्रेंच, स्तर (मातीचा थर, ज्यावरून काळ कळतो), खोली लिहिलेली चिठ्ठी ठेवायची. चौथ्या दिवशी वारा सुटला आणि दोन चिठ्ठ्या उडाल्या. सर ओरडले नाहीत. दोन्ही ढीग एकाच पोत्यात भरायला लावले आणि वर लिहायला सांगितलं, 'स्तर अज्ञात'. ट्रेंचमधल्यांची दोन दिवसांची मेहनत त्या पोत्यात गेली.

प्रवरेकाठच्याच दायमाबादच्या ब्राँझच्या वस्तूंबद्दल वाचताना ते पोतं आठवतं. रथ, हत्ती, गेंडा, रेडा. चौघांचं मिळून वजन ६० किलोंच्या वर. १९७४ साली एका गावकऱ्याला झुडपाच्या मुळाशी खणताना मिळाल्या. शिस्तीच्या उत्खननात, स्तरात मिळाल्या नाहीत, म्हणून त्यांच्या काळाबद्दल अजून वाद आहे.

जोर्वेचं खापर मात्र ओळखायला फार दिवस लागत नाहीत. लाल लेप, वर काळ्या रंगात भौमितिक नक्षी, आणि इतकं पक्कं भाजलेलं की नखाने टिचकी मारली तर खणखणतं. काठाचा तुकडा वर्तुळांच्या तक्त्यावर उलटा ठेवून खाली उजेड न दिसेपर्यंत कलता करायचा, मग काठ ज्या वर्तुळाशी जुळेल त्यावरून तोंडाचा व्यास मिळतो. चित्र येत नाही म्हणून घाबरू नका, हे चित्रकलेपेक्षा शिवणकामाच्या जवळचं आहे.

वाचायला सुरुवात इनामगावपासून करा. शिरूर तालुक्यात, घोड नदीकाठी १९६८ ते १९८३ दरम्यान उत्खनन झालं. लहान मुलांना घराच्या जमिनीखाली, तोंडाला तोंड लावलेल्या दोन कुंभांत पुरलेलं. मोठ्यांचे पाय बऱ्याचदा घोट्याखाली तोडलेले. पाच खोल्यांच्या एका घराशेजारी धान्याचं कोठार. आणि शेवटच्या टप्प्यात चौकोनी घरं जाऊन लहान गोल झोपड्या आल्या. हा बदल मला त्या सगळ्या अहवालात सर्वांत जिव्हारी लागला. गाव गरीब होताना दिसतं.

माझी मोठी चूक इथेच झाली. त्या पाच खोल्यांच्या घराच्या मालकाला मी ट्यूटोरियलमध्ये थेट 'राजा' म्हटलं आणि वर पुराणांतल्या एका वंशाशी जोडून दिलं. बाईंनी तांबड्या शाईने एवढंच लिहिलं: 'हे खापराने सांगितलं का?' उत्खननकर्त्यांनी त्याला गावप्रमुख म्हटलंय, तेही घराचा आकार आणि शेजारचं कोठार पाहून काढलेलं अनुमान.

एक कामाची गोष्ट राहिली. जुन्या पुस्तकांतल्या कार्बन-१४च्या तारखा आणि नव्या लेखांतल्या तारखा जुळत नाहीत, तेव्हा गोंधळू नका. जुन्या बऱ्याचदा कॅलिब्रेट केलेल्या, म्हणजे खऱ्या कॅलेंडर वर्षांशी जुळवून घेतलेल्या, नसतात. माझ्या वहीत इनामगावचा तक्ता म्हणून दोन रंगांत आहे: निळ्यात जुन्या, हिरव्यात कॅलिब्रेट केलेल्या.