स्टेअरिंगचा बॉक्स आवळण्याआधी गाडीखाली जा

रावेर-सावद्याकडून केळी भरणाऱ्या जुन्या गाड्या माझ्याकडे येतात, तेव्हा तक्रार ठरलेली असते: "भाऊ, स्टेरिंग लई हालस, बॉक्स आवळी दे." बॉक्सचा, म्हणजे स्टेअरिंगचं फिरणं चाकांकडे नेणाऱ्या दातेरी पेटीचा, स्क्रू हाताला लगेच लागतो, म्हणून जो तो तिथंच पाना लावतो. मी मात्र बॉक्सला सगळ्यात शेवटी हात लावतो. प्ले, म्हणजे स्टेअरिंग फिरलं तरी चाक हलत नाही ती ढिलाई, बहुतेक वेळा खालच्या जोडांत असते. ती तशीच ठेवून स्क्रू पिळला की स्टेअरिंग जड होतं, वळणावरून आपसूक सरळ येत नाही, आणि आतले दात खाल्ले जातात ते वेगळंच.

गाडी एका अंगाला ओढत असेल तर आधी दोन्ही पुढच्या टायरची हवा बघा. मग थोडं चालवून दोन्ही ड्रमजवळ हात न्या. एक ड्रम जास्त तापला असेल तर ब्रेक धरतोय, स्टेअरिंगचा संबंध नाही. गाडी ओढत नाही, नुसती लहरते, तर कमानीचे (पट्ट्यांच्या स्प्रिंगचे) यू-बोल्ट आणि तिच्या टोकाच्या शॅकल पिनाही हलवून बघा.

आता प्ले मोजा. गाडी सपाट जागी, चाकं सरळ, मागच्या चाकांना दगड. पॉवर स्टेअरिंग असेल तर इंजिन चालू ठेवा. स्टेअरिंगच्या कडेला खडूची खूण करा आणि पुढचं चाक हलायला लागेपर्यंत ते किती फिरतं ते बघा. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला ९८ वा नियम ३० अंशांपर्यंत सूट देतो. ५० सेंटीमीटर व्यासाच्या स्टेअरिंगवर हे जवळजवळ १३ सेंटीमीटर झाले. मला विचाराल तर ही सूट फार आहे. भरलेल्या गाडीने घाट उतरायचा असेल तर याच्या निम्म्यावरच मी खाली शिरतो.

खरं निदान दोन माणसांचं. क्लीनरला वर बसवून स्टेअरिंग डावी-उजवीकडे थोडं थोडं हलवायला सांगा. चाकं जमिनीवरच हवीत, वजन असलं की प्ले लपत नाही. तुम्ही वरून खाली एकेक जोड धरत जा: कॉलमचा क्रॉस (स्टेअरिंगच्या दांड्यातला सांधा), बॉक्स, ड्रॉप आर्म (बॉक्सखाली लोंबणारा दांडा), ड्रॅग लिंकची (ड्रॉप आर्मपासून चाकाकडे जाणारा दांडा) दोन्ही टोकं, मग टाय रॉडची (दोन्ही पुढची चाकं जोडणारा दांडा). जोडावर असा तळहात ठेवा की अर्धा एका भागावर, अर्धा दुसऱ्यावर. डोळ्याला न दिसणारी टकटक हाताला कळते. बॉक्सच चेसिसवर हलत असेल तर त्याचे बोल्ट ढिले आहेत किंवा ब्रॅकेटला तडा गेलाय. आपल्याकडे या दांड्यांच्या टोकाच्या बॉल जॉइंटचं रबर फाटतं ते केळीच्या बागेत. काळ्या चिखलात उभ्या गाडीचं स्टेअरिंग पिळतात, गाळ आत शिरतो आणि ग्रीससकट पॉलिश पेपरचं काम करतो. रबर फाटलेला जोड आज घट्ट लागला तरी मी बदलायला सांगतो.

मग अॅक्सल जॅकवर घ्या आणि खाली घोडी (लोखंडी स्टँड) लावा, नुसत्या जॅकवर विसंबू नका. चाक वर-खाली धरून हलवा. हललं तर क्लीनरला ब्रेक दाबायला लावा. ब्रेक दाबल्यावर हलणं थांबलं तर व्हील बेअरिंग, नाही थांबलं तर किंगपिन, म्हणजे ज्याच्यावर चाक वळतं ती उभी पिन. किंगपिनचे बुश दाबून बसवावे लागतात, मग रीमर मारावा लागतो. ते काम लेथवाल्याकडे द्या.

टाय रॉड एंड (रॉडच्या टोकाचा बॉल जॉइंट) मात्र घरी बदलता येतो. जुना काढण्याआधी त्याची लांबी मोजा, आटे किती बाहेर आहेत ते लिहा. स्प्लिट पिन काढा, नट ढिला करा पण चार आटे राहू द्या. आता आर्मच्या डोळ्याला (एंड बसतो त्या भोकाच्या कडेला) एका बाजूने जड घण टेकवा आणि समोरून हातोडा मारा. टेपर, म्हणजे एंडचा निमुळता भाग, सुटतो. नटावर खालून ठोकत बसू नका, आटे बसतात. रॉडवरचा क्लॅम्प सोडून एंड फिरवून काढा. एका टोकाला उलटे आटे असतात, जोर लावण्याआधी दिशा बघा. वाकलेला रॉड गॅसने तापवून सरळ करून देणारे आहेत. मी नाही करत, कोणी करून दिला तर घेऊ नका.

नवा एंड तेवढेच आटे आत फिरवा. टेपर कोरडा पुसून बसवा, तिथं ग्रीस नको. नट मॅन्युअलमधल्या टॉर्कने आवळा. पिनेचं भोक जुळलं नाही तर नट पुढेच न्या, मागे सोडून भोक जुळवायचं नाही. पिन नवीनच घाला.

शेवटी टो-इन, म्हणजे पुढची चाकं समोरून किंचित आत वळलेली असणं. दोन्ही टायरच्या मधोमध खडूने रेघ मारा. अॅक्सलच्या उंचीवर पुढून आणि मागून अंतर मोजा. पुढचं माप मागच्यापेक्षा थोडं कमी हवं, किती ते तुमच्या गाडीच्या मॅन्युअलप्रमाणे. टायरवर आडवा हात फिरवला आणि करवतीसारखं खरखरलं तर टो-इन बिघडलंय हे टेपआधीच कळतं.

एवढं करूनही प्ले उरला तरच बॉक्सचा स्क्रू, तोही चाकं सरळ ठेवून, थोडा थोडा. दर वेळी स्टेअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून बघा. मधे कुठे अडकलं तर मागे घ्या. पहिली भरलेली खेप करून आलात की क्लॅम्पचे बोल्ट पुन्हा एकदा पाना लावून बघा.